कपाशीच्या वावरातील व्यक्तिचित्रे आणि एसटीएफ लेन्स : मागचे किती उडते, की कसे उडते?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा)

व्यक्तिचित्रासाठी लेन्स घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘मागचं किती उडतं (म्हणजे धूसर होतं)?’ मागचे कसे उडते, हे फारसे कोणी विचारत नाही. विदर्भातल्या वावरात, बागेत किंवा जंगलाच्या कडेला माणसांची छायाचित्रे काढणाऱ्याची खरी अडचण मात्र या दुसऱ्या प्रश्नातच आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठीच या छायाचित्रण-मंचावर हा धागा काढते आहे.

गेले काही हंगाम मी आमच्या परिसरातील कापूस वेचणाऱ्या स्त्रियांची व्यक्तिचित्रे करते आहे. सगळी चित्रे वावरातच घेते. मागे फुटलेली बोंडे, मधूनमधून तुरीचे तास (ओळी), धुऱ्यावर (बांधावर) बाभूळ किंवा बोर, आणि या सगळ्यावर नोव्हेंबर-डिसेंबरातले तिरपे, धारदार ऊन. यापेक्षा गजबजलेली पार्श्वभूमी सापडणे कठीण. साध्या ८५ मि.मी. एफ/१.८ लेन्सने पूर्ण उघड्या अपर्चरवर (अपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफपुढचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे) चित्र घेतले, तर दूरच्या बोंडांच्या गोल चकत्या होतात आणि त्या चकत्यांना रेखीव कड असते. जवळची बोंडे चकती होण्याइतकी लहान नसतात. ती आपला आकार राखतात, पण त्यांच्याभोवती दुहेरी कड उमटते. बाभळीच्या काटक्यांचे तर एकेकीच्या दोन-दोन रेषा होतात. चेहरा नेमका फोकसमध्ये असूनही पाहणाऱ्याची नजर पुन्हा पुन्हा मागे जाते, कारण डोळ्याला कड दिसली की तो तिथे थांबतोच.

या अडचणीवर नेमका उपाय म्हणून बनवलेल्या लेन्सचा एक छोटा वर्ग आहे. त्यांना अपोडायझेशन लेन्स म्हणतात. मिनोल्टा, सोनी आणि लाओवा यांच्या अशा लेन्सवर एसटीएफ (स्मूद ट्रान्स फोकस) ही अक्षरे असतात. मिनोल्टाची १३५ मि.मी. एफ/२.८ एसटीएफ १९९९ साली बाजारात आली. पुढे २००६ मध्ये मिनोल्टाचा कॅमेरा व्यवसाय सोनीकडे गेल्यावर तीच लेन्स सोनीच्या नावाने मिळू लागली. २०१७ साली सोनीने मिररलेस म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेरा-बॉडींसाठी एफई १०० मि.मी. एफ/२.८ एसटीएफ जीएम ही ऑटोफोकस आणि स्थिरीकरण असलेली लेन्स आणली. फुजीफिल्मची ५६ मि.मी. एफ/१.२ एपीडी २०१४ मधली, तर कॅननची आरएफ ८५ मि.मी. एफ/१.२ डीएस २०१९ मधली. चिनी बनावटीची लाओवा १०५ मि.मी. एफ/२ एसटीएफ पूर्णपणे हाताने फोकस करावी लागते.

यामागचे तत्त्व समजायला सोपे आहे. फोकसच्या बाहेर असलेला प्रकाशाचा ठिपका चित्रात चकती होऊन उमटतो, आणि ती चकती म्हणजे वस्तुतः लेन्सच्या अपर्चरचीच प्रतिमा असते. अपर्चरची कड रेखीव असेल तर चकतीची कडही रेखीव येणार. म्हणून या लेन्समध्ये अपर्चरच्या पात्यांजवळ असा घटक बसवतात, जो मध्यभागी पारदर्शक असतो आणि कडेकडे हळूहळू गडद होत जातो. मिनोल्टाच्या रचनेत हे राखाडी काचेचे अंतर्गोल भिंग आहे. ते मध्ये पातळ म्हणून स्वच्छ आणि कडेला जाड म्हणून काळसर दिसते, आणि त्याला साध्या काचेचे बहिर्गोल भिंग चिकटवल्यामुळे त्या जोडीचा प्रकाश वळवण्यावर जवळजवळ परिणाम होत नाही. कॅननने हेच काम दोन भिंगांवरील विशेष लेपाने साधले आहे. ठसठशीत कुंकवाची कड बोटाने हलकेच विरवावी, तशी प्रत्येक चकतीची कड मग विरून जाते. शेजारच्या चकत्या एकमेकींत मिसळतात आणि काटक्यांच्या दुहेरी रेषा जवळजवळ नाहीशा होतात.

याची किंमत प्रकाशात मोजावी लागते. सोनीची १०० मि.मी. लेन्स नावाला एफ/२.८ असली, तरी सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश टी५.६ इतकाच (टी म्हणजे प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या प्रकाशाचा, एफसारखाच आकडा), म्हणजे पूर्ण दोन स्टॉप कमी (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), एक चतुर्थांश. १३५ मि.मी. लेन्स टी४.५ ची आहे. त्यामुळे ‘एवढे पैसे देऊन अंधारी लेन्स कशाला घ्यायची?’ असे पुष्कळजण म्हणतात. माझे म्हणणे असे, की दिवसा उघड्या वावरात काम करणाऱ्यासाठी हा तोटा बहुतांशी नावापुरता आहे. मी मागवलेली १०० मि.मी. लेन्स भाड्याची होती. तिने काढलेली चित्रे पाहिल्यापासून माझे हे मत अधिकच पक्के झाले आहे. येथील मंडळींचा अनुभव आणि मतभेद, दोन्ही जाणून घ्यायला आवडतील.

आंबिया बहार (वरुड)

पऱ्हाटीताई, विषय फार चांगला घेतला आहे. माझी संत्र्याची बाग आहे आणि बागेतच घरच्यांची, मजुरांची छायाचित्रे काढण्याची मला आवड आहे. संत्र्याच्या पानाला चकाकी असते, त्यामुळे दुपारच्या उन्हात प्रत्येक पान आरशासारखे चमकते आणि पानांच्या फटींतून आकाशाचे तुकडे डोकावतात. तुम्ही म्हणता ती रेखीव चकत्यांची गर्दी मी रोज पाहतो.

तरीही एक शंका आहे. माझ्याकडे सोनीची ८५ मि.मी. एफ/१.८ आहे. तिचे अपर्चर १०० एसटीएफच्या एफ/२.८ पेक्षा बरेच मोठे, म्हणजे धूसरताही अधिक. २०१७ साली या दोन्ही लेन्स सोनीने एकाच वेळी जाहीर केल्या, तेव्हा अमेरिकेत ८५ ची किंमत सुमारे ६०० डॉलर आणि १०० एसटीएफची सुमारे १,५०० डॉलर होती. अडीचपट पैसे देऊन कमी धूसरता घ्यायची, हे शेतकऱ्याच्या हिशेबात बसवायचे कसे?

पऱ्हाटी

आंबिया बहार दादा, तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आकड्यांतच देणे बरे.

समजा, आपल्याला छातीपर्यंतचे चित्र हवे आहे आणि १०० मि.मी. लेन्सने आपण दोन मीटरवरून ते घेतो. फुल फ्रेम (३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर त्याच आकाराचे चित्र ८५ मि.मी. ने घ्यायचे तर १.७ मीटरवर उभे राहावे लागेल. व्यक्तीच्या मागे २० मीटरवर एक चमकणारे पान आहे असे धरू. १०० मि.मी. एफ/२.८ मध्ये त्या पानाची चकती सेन्सरवर सुमारे १.७ मि.मी. व्यासाची होते, आणि ८५ मि.मी. एफ/१.८ मध्ये सुमारे २.३ मि.मी. व्यासाची. चित्राची लांब बाजू १२ इंच ठेवून छपाई केली, तर एक चकती साडेचौदा मि.मी. आणि दुसरी १९ मि.मी. भरेल. एसटीएफमध्ये कड विरत असल्याने तिची चकती डोळ्याला साडेचौदापेक्षाही लहान भासते. म्हणजे मात्रेचा विचार केला, तर तुमची ८५ निर्विवादपणे पुढे आहे. ते नाकारण्याचे कारणच नाही.

परंतु १९ मि.मी. ची कडदार चकती आणि तिच्याहून लहान, पण कड नसलेला प्रकाशाचा डाग, यांपैकी चेहऱ्याशेजारी काय हवे, हा निर्णय मात्रेने होत नाही. तुमच्या बागेत अशा शेकडो चकत्या एकमेकींवर चढतात आणि प्रत्येक ठिकाणी दोन कडा एकमेकींना छेदतात. चकती मोठी केली म्हणून कडा कमी होत नाहीत, त्या फक्त अधिक ठिकाणी छेदतात.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती लेन्स न बदलताही उपयोगी पडेल. व्यक्ती कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर असताना पार्श्वभूमी तिच्या मागे दोन मीटरवर असेल, तर जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या धूसरतेच्या निम्मीच मिळते. पार्श्वभूमी आठ मीटर मागे गेली की ८० टक्के मिळते आणि अठरा मीटर मागे गेली की ९० टक्के. म्हणजे माणसाला झाडापासून आठ-दहा पावले पुढे घेतले की मोठे काम होऊन जाते, त्यापुढे अंतर वाढवून फारसे हाती लागत नाही. अडचण एवढीच, की कपाशीत किंवा बागेत दोन तासांमधले अंतरच कमी असते आणि झाडे माणसाला खेटून असतात. तिथे पार्श्वभूमी अर्धवट धूसर राहते, आणि अर्धवट धूसरतेतच दुहेरी रेषांचा उपद्रव सर्वाधिक होतो. एसटीएफचा खरा फायदा मला या मधल्या अंतरावर जाणवला. पार्श्वभूमी फार दूर असेल तर बहुतेक लेन्स चांगल्याच वागतात.

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा)

मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू झाला की कलाकारांची चित्रेही काढतो. दिवसाबाबत पऱ्हाटीताईंशी मी सहमत आहे, पण रात्रीविषयी लिहिणे आवश्यक वाटते, कारण आमच्या भागातील निम्मे काम रात्रीच असते.

एफ/१.४ आणि टी५.६ यांत चार स्टॉपचे, म्हणजे प्रकाशात सोळापट अंतर आहे. मांडवाच्या मागे रंगभूषा करत बसलेल्या कलाकाराचे चित्र माझ्या ८५ मि.मी. एफ/१.४ ने आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० आणि १/१२५ सेकंदाच्या शटरला येते. तेच चित्र टी५.६ ला घ्यायचे तर आयएसओ २५,६०० वर जावे लागेल. लेन्समधले स्थिरीकरण हाताच्या थरथरीवर उपाय करते, बोलणाऱ्या, हलणाऱ्या माणसावर करत नाही, म्हणून शटर खाली आणण्याला मर्यादा आहे. शिवाय बऱ्याच ऑटोफोकस प्रणाली अपर्चरच्या दोन विरुद्ध बाजूंनी येणाऱ्या किरणांची तुलना करून फोकस ठरवतात, आणि या लेन्समध्ये नेमक्या त्या बाजूच गडद असतात. फुजीच्या एपीडी लेन्सवर आरंभीच्या बॉडींमध्ये हा जलद फोकस मुळी चालतच नसे. कॅमेऱ्याला संथ, काँट्रास्टवर आधारलेल्या पद्धतीने फोकस करावा लागे. सोनीने १०० मि.मी. मध्ये हे बरेच सांभाळले आहे, तरी मंद उजेडात तिच्याकडून एफ/१.४ च्या चपळाईची अपेक्षा ठेवू नये.

रात्रीच्या कामात कड मऊ हवीच असेल तर फुजीची एपीडी त्यातल्या त्यात सोयीची. ती पूर्ण उघडी असताना टी१.७ इतका प्रकाश देते, म्हणजे तोटा एक स्टॉपचाच. कॅननच्या डीएसचा तोटा सुमारे सव्वा ते दीड स्टॉपचा आहे, पण मूळ अपर्चर एफ/१.२ असल्याने उरतो तोही प्रकाश पुरेसा. तिची किंमत मात्र गावातल्या स्टुडिओला परवडण्यासारखी नाही.

प्रयोगवही (वाशीम जिल्हा)

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. वरील चर्चेत प्रकाशशास्त्राचा एक महत्त्वाचा धागा राहिला आहे, तो जोडतो.

धूसर चकतीचा पोत केवळ अपर्चरच्या कडेवर ठरत नाही. लेन्समधील गोलीय विपथनाचे दुरुस्तीकरण किती झाले आहे, यावरही तो ठरतो. भिंगाच्या मध्यातून येणारे आणि कडेकडून येणारे किरण एकाच ठिकाणी एकवटले नाहीत, तर त्याला गोलीय विपथन म्हणतात. रचनाकाराने ते गरजेपेक्षा अधिक दुरुस्त केले, तर पार्श्वभूमीतील चकतीच्या कडेला प्रकाश गोळा होतो आणि तिथे उजळ कडे दिसते. थोडे कमी दुरुस्त ठेवले, तर पार्श्वभूमीतील चकती मध्ये उजळ आणि कडेला मऊ होते. मेयर-ऑप्टिकची ट्रायोप्लान १०० मि.मी. एफ/२.८ ही जुनी जर्मन लेन्स पहिल्या प्रकारची आहे. तिच्या चकत्या साबणाच्या फुग्यांसारख्या दिसतात आणि काहीजण हौसेने त्यासाठीच ती वापरतात. नाभीय अंतर १०० आणि अपर्चर एफ/२.८, म्हणजे कागदावर सोनीच्या एसटीएफची जुळी बहीण, आणि धूसरता मात्र अगदी विरुद्ध टोकाची. लेन्सवर छापलेल्या आकड्यांवरून धूसरतेचा पोत कळत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

निकॉनने १९९० च्या दशकात डीसी मालिकेतील १३५ मि.मी. एफ/२ आणि १०५ मि.मी. एफ/२ या लेन्समध्ये हे विपथन छायाचित्रकाराच्याच हाती दिले. त्यांवर एक जादा कडे असते. ते आर या अक्षराच्या बाजूला, वापरात असलेल्या अपर्चरच्या आकड्यावर ठेवले की पार्श्वभूमी मऊ होते. एफ या अक्षराच्या बाजूला फिरवले की चित्राचा पुढचा भाग मऊ होतो. त्याहून जास्त फिरवले तर चेहराही सौम्य, किंचित धुकट येतो. कॅननच्या २०२१ मधील आरएफ १०० मि.मी. एफ/२.८ मॅक्रो लेन्सवरही अशा प्रकारचे कडे आहे.

परंतु या पद्धतीला एक निसर्गनियम चिकटलेला आहे. विपथनाने मागची चकती मऊ केली की पुढची तितकीच कडक होते. दोन्ही बाजू एकाच वेळी मऊ होत नाहीत. अपोडायझेशनमध्ये चकतीचा प्रकाशच कडेला कमी केलेला असल्यामुळे फोकसच्या पुढचे आणि मागचे दोन्ही समान मऊ होतात. ज्वारीच्या किंवा तुरीच्या ताटांमधून, म्हणजे पुढे पाने ठेवून, पलीकडच्या माणसाचे चित्र घेणाऱ्याला हा फरक लगेच दिसेल. पऱ्हाटीताई, तुमच्या वेचणीच्या चित्रांत पुढे झाडे असतीलच. तुम्हाला हे जाणवले का?

आणखी एक सूचना. या लेन्सचे अपर्चर बारीक केले की गडद कड पात्यांच्या आड जाते आणि ती साध्या लेन्ससारखी वागू लागते. त्यामुळे ती पूर्ण उघडी ठेवूनच वापरावी आणि प्रकाशाचे नियंत्रण शटर, आयएसओ व फिल्टर यांवर सोपवावे.

पऱ्हाटी

सर, तुम्ही अगदी मर्मावर बोट ठेवलेत. वेचणी करणाऱ्या बाईच्या कमरेपर्यंत कपाशी असते, त्यामुळे चित्राच्या खालच्या भागात पुढची बोंडे आणि पाने येणारच. मला एक चित्र विशेष आठवते. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ एक वाळलेले, करकरीत कडांचे बोंड होते, आणि त्यामागे कमरेच्या फडक्यात कापूस भरणारे हात होते. ८५ ने ते बोंड पांढऱ्या, खरखरीत वेटोळ्यासारखे आले आणि हातांवर चढून बसले. एसटीएफने त्याच जागी फिकट पांढरी साय आल्यासारखे झाले. खाली कापूस आहे हे कळते, पण वाचायचे ते हातच. त्या लेन्सचे मॅक्रो कडे फिरवले की ०.५७ मीटरपर्यंत जवळ जाता येते, त्यामुळे बोंडाच्या टोकांनी ओरखडलेली बोटे निराळी घेता आली.

माझ्या दृष्टीने एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. अतिशय मोठ्या अपर्चरच्या लेन्सने वावर इतके पुसले जाते, की मागे हिरवा पडदा लावला होता की खरे शेत होते, ते सांगता येत नाही. ज्या बाईचे अर्धे आयुष्य त्या तासांमध्ये गेले, तिच्या चित्रातून वावर नाहीसे करणे मला पटत नाही. एसटीएफमध्ये तास तासच राहतात, बोंडे बोंडेच राहतात, फक्त त्यांचा आवाज खाली येतो. वावर ओळखू यावे आणि तरी नजर चेहऱ्यावर राहावी, हे दोन्ही एकत्र साधणारे दुसरे साधन मला अजून मिळालेले नाही.

धुऱ्यावरून (बुलढाणा जिल्हा)

नमस्कार. मी नवखा आहे. माझ्या मोबाईलमध्ये पोर्ट्रेट मोड आहे आणि त्यात धूसरता कमी-जास्त करता येते. संगणकावरही तसे करता येते, असे ऐकले आहे. मग काचेवर इतका खर्च करण्याची गरज खरोखर उरली आहे का?

वैनगंगाकाठ

भाऊ, मोबाईलच्या पडद्यावर पाहण्यापुरते ते चालते. अल्बमच्या पानावर मोठे छापले की उणिवा दिसतात. मोबाईल आधी कोणती वस्तू किती दूर आहे याचा अंदाज बांधतो आणि मग धूसरता चढवतो. तो अंदाज केसांच्या बटा, चष्म्याची कड, पदराची झिरझिरीत किनार, मुंडावळ्यांच्या लडी अशा ठिकाणी चुकतो. दुसरी अडचण कमी लोकांच्या लक्षात येते. उन्हातले बोंड किंवा चमकते पान चित्रात आधीच पूर्ण पांढरे झालेले असते, म्हणजे ते प्रत्यक्षात किती तेजस्वी होते याची नोंदच राहत नाही. खऱ्या लेन्समध्ये तो जादा प्रकाश पसरून चकती उजळ राहते. संगणकाने नंतर पसरवले तर ती मळकट राखाडी होते. रॉ फाइलमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) थोडी नोंद वाचते, पण भर उन्हात पुरेशी नाही.

प्रयोगवही

धुऱ्यावरून यांना काच विकत न घेता करता येईल असा एक प्रयोग सुचवतो. तो मोबाईलवर नाही, पण कोणत्याही साध्या कॅमेऱ्यावर आणि ८५ किंवा ५० मि.मी. एफ/१.८ लेन्सवर होतो.

मिनोल्टाच्या अल्फा-७ या फिल्म कॅमेऱ्यात एसटीएफ नावाची सोय होती. तो एकाच फ्रेमवर वेगवेगळ्या अपर्चरने सात वेळा प्रकाश पाडत असे. तेच आपण करायचे. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवावा, फोकस हाताने एकदाच लावून तसाच ठेवावा, आणि एफ/१.८, २, २.२, २.५, २.८, ३.२ आणि ३.५ अशी सात चित्रे घ्यावीत. प्रत्येक वेळी शटर असे बदलावे की एकूण प्रकाश सारखाच राहील. अपर्चर प्रायॉरिटीवर (अपर्चर आपण आणि शटर कॅमेरा ठरवतो, त्या सोयीवर) कॅमेरा हे आपोआप करतो, फक्त मधल्या काळात ढग आडवा येऊ नये. मग सातही चित्रे संगणकावर एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढावी. खालून वर जाताना थरांची अपारदर्शकता १००, ५०, ३३, २५, २०, १७ आणि १४ टक्के ठेवली की प्रत्येक चित्राचा वाटा समान होतो.

एफ/१.८ ची मोठी चकती सातांपैकी एकाच चित्रात असते, म्हणून तिची बाहेरची कड अगदी फिकी उमटते. आतल्या भागात सातही चकत्या एकत्र येतात, म्हणून तिथे पूर्ण उजेड. कड एकदम न संपता पायरीपायरीने विरते, आणि पायऱ्या इतक्या जवळ असतात की डोळ्याला त्या सलग वाटतात. आपल्या मूळ लेन्सला उजळ कडे पडण्याची खोड असेल तर तीही बरीच झाकली जाते.

व्यक्ती मात्र स्थिर हवी. ओट्यावर निवांत बसलेल्या आजी-आजोबांचे चित्र असे सहज होते. वेचणीच्या धांदलीत होणार नाही. चेहरा हललाच, तर तो एफ/२.८ च्या एका चित्रातून घ्यावा आणि सरासरी केवळ पार्श्वभूमीची वापरावी. वाऱ्याने पाने हलली तर काळजी नको, सरासरीत ती आणखी मऊच होतात.

एक खबरदारी सांगतो. पारदर्शक फिल्मवर मध्ये स्वच्छ आणि कडेला काळे वर्तुळ छापून ते फिल्टरसारखे लेन्सच्या तोंडाशी लावण्याचा उपाय अनेकांना सुचतो. घटक अपर्चरजवळ असेल तरच चित्राच्या प्रत्येक बिंदूवर त्याचा समान परिणाम होतो. तोंडाशी लावल्यास चित्राचे कोपरे काळवंडतात आणि तिथल्या चकत्या एका बाजूनेच विरतात.

आंबिया बहार

सर, तुमचा प्रयोग बागेत करून पाहिला. वडील बाजेवर बसले होते आणि मागे सुमारे चार मीटरवर झाडांची ओळ होती. पानांच्या चमचमाटाची जी कडक जाळी माझ्या चित्रांत नेहमी येते, ती सरासरी केल्यावर निम्म्याहून कमी झाली. पूर्ण गेली नाही, पण चित्र घरी भिंतीवर लावण्याजोगे झाले आहे. आता फरक स्वतः पाहिल्यामुळे पऱ्हाटीताईंचा मुद्दा मला पटतो.

एक विचारायचे आहे. भर उन्हात फ्लॅश वापरायचा असेल तर टी५.६ ने सोय होते की गैरसोय?

पऱ्हाटी

सोय होते, आणि दिवसा हा तोटा नावापुरता आहे असे मी म्हटले ते याच कारणाने. आपल्याकडच्या निरभ्र उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० हा जुना ठोकताळा धरला, तर एफ/१.८ ला शटर जवळपास १/८००० लागते आणि एफ/१.२ ला १/१६,००० च्याही पुढे जाते. पुष्कळ बॉडींचे यांत्रिक शटर १/८००० ला, तर साध्या बॉडींचे १/४००० ला संपते. म्हणजे मोठ्या अपर्चरचा जो प्रकाश आपण पैसे मोजून घेतला, तो एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी राखाडी काच) लावून परत अडवावाच लागतो. टी५.६ ला तेच ऊन १/८०० ला येते.

फ्लॅशसाठी शटर साधारण १/२०० ते १/२५० पर्यंतच ठेवता येते. एसटीएफवर दोन स्टॉपचा एक एनडी फिल्टर लावला की १/२०० मिळते; ८५ ला एफ/१.८ वर त्यासाठी पाच स्टॉपहून अधिक लागतात. मात्र लक्षात घ्या, एसटीएफमधून फ्लॅशचा प्रकाशही तितकाच कमी होऊन येतो, त्यामुळे छोटा फ्लॅश जवळ आणावा लागतो. मी बहुतेक वेळा फ्लॅशऐवजी पांढरे धोतर किंवा चादर कुणालातरी धरायला सांगते. वेचणीच्या वावरात पांढऱ्या कापडाची वाण नसते आणि चेहऱ्यावर येणारा उजेडही सौम्य असतो.

वैनगंगाकाठ

जुनी १३५ मि.मी. एसटीएफ वापरलेल्या लेन्सच्या बाजारात कधीतरी दिसते. दिवसाच्या कामासाठी ती घ्यावी का, असा विचार करतो आहे. कोणाला काही माहिती?

पऱ्हाटी

भाऊ, माझा हात १०० वर बसला आहे, पण १३५ विषयी जे पक्के ठाऊक आहे ते सांगते. ती सोनीच्या जुन्या ए-माउंटची (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची खोबण) लेन्स आहे आणि त्या माउंटच्या बॉडी आता बनत नाहीत, म्हणून मिररलेसवर अ‍ॅडॅप्टर लावावे लागेल. फोकस हातानेच करायचा असल्याने अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर असण्या-नसण्याचा प्रश्न येत नाही, आणि मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र मोठे करून डोळ्याच्या बुबुळावर फोकस लावणे सोपे जाते. प्रकाश टी४.५, म्हणजे १०० पेक्षा सुमारे दोन-तृतीयांश स्टॉप अधिक. तिच्यात पात्यांचे दोन संच आहेत. त्यांपैकी दहा पात्यांचा, जवळजवळ गोल राहणारा संच टी४.५ ते टी६.७ पर्यंत हाताने सलग फिरवता येतो. स्थिरीकरण लेन्समध्ये नाही, ते बॉडीत असेल तर बरे. छातीपर्यंतच्या चित्रासाठी २.७ मीटर मागे सरावे लागेल. वावरात जागा असते, लग्नाच्या मांडवात नसते. तुमचे निम्मे काम मांडवातले आणि रात्रीचे, म्हणून तुम्हाला ८५ मि.मी. एफ/१.४ ठेवूनच ही जोडीला घ्यावी लागेल. एकच लेन्स ठेवायची असेल तर घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन.

घ्यायचे ठरलेच तर पावसाळ्यात पेटीत पडून राहिलेल्या लेन्सना बुरशी लागते, म्हणून मागून विजेरी मारून समोरून काच तपासा. तपासताना भिंगाच्या कडेला सगळीकडे सारखा काळसर पट्टा दिसेल. तो बुरशीचा नव्हे किंवा लेप खराब झाल्याचाही नव्हे. तोच अपोडायझेशनचा घटक आहे आणि तो तसाच असायला हवा. बुरशी असेल तर ती कोळ्याच्या जाळ्यासारखी, एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला कमी अशी पसरलेली दिसते. दुरुस्तीला टाकण्याची वेळ आली, तर कारागिरालाही हे आधी सांगून ठेवा.